हाय, बाई!

पहाटे साडेपाचला दाराची बेल वाजली तर माणूस काय समजेल? कुणीतरी गेलं, हेच. निदान माझ्या वयाच्या बाईला तरी दुसरं काही सुचत नाही. मी छातीवर हात ठेवून दार उघडायची, तर समोर सहा फूट दोन इंच उंचीची बाई, काखेत बास्केटबॉल, आणि तोंडात एकच शब्द. "फीट!"

फीट म्हणजे पाय. म्हणजे माझ्या नातीचे पाय अजून बुटात का नाहीत. गुड मॉर्निंग नाही, काही नाही. एकदा मी हिंमत करून सांगितलं, की बाई, बेल नका वाजवू, माझा मुलगा उशिरा झोपतो. बाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून बेल बंद, आणि बॉल दारावर. धप. धप. धप. मुलगा उठलाच, शिवाय खालच्या मजल्यावरचे सिंधी काकाही उठले.

अशा बाईंबद्दल लिहायला बसले आहे. त्या आता इथे नाहीत, गेल्या हिवाळ्यात अमेरिकेला बहिणीकडे कायमच्या गेल्या. म्हणून लिहायची सोय झाली. इथे असत्या तर लिहू दिलं नसतं. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी.

आम्ही दुबईत अल मनखूलला चौथ्या मजल्यावर राहतो. मुलगा, सून अनघा, नात रेवा आणि मी. मी मूळची साताऱ्याची, शाळा सातवीपर्यंत, बाकीचं सगळं वाचून आणि लोकांना विचारून विचारून शिकले. 'हे' गेल्यावर मुलानं इकडे आणलं. बाई आमच्या बरोबर समोरच्या फ्लॅटमध्ये, एकट्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातल्या, असं पेपरात लिहितात तसं मी लिहिते. त्या स्वतः 'ब्लॅक' म्हणायच्या, आणि दारावर पाटी लावावी तसा तो शब्द स्पष्ट उच्चारायच्या. तरुणपणी तिकडे पगारावर बास्केटबॉल खेळल्या होत्या, मग इकडच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवण्यात पंचवीस-तीस वर्षं काढली. रिटायर झाल्या तरी शिट्टी काही गळ्यातून निघाली नाही.

आमची ओळख झाली तीच भांडणानं, आणि ते भांडण सहा महिने चाललं तरी मला त्याचा पत्ता नव्हता. झालं असं, की लिफ्टमध्ये भेटल्या की मी आपली आदरानं म्हणायची, "हाय, बाई!" आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात. त्यावर त्या माझ्याकडे बघायच्या, "बाय," म्हणायच्या आणि दुसऱ्याच मजल्यावर उतरून जिन्यानं चालत जायच्या. गुडघे दुखतात, तरी जिन्यानं! मी घरी येऊन म्हणायची, किती ही घमेंड. शेवटी रेवानंच उलगडा केला. म्हणाली, "आजी, यू आर टेलिंग हर हाय-बाय! शी थिंक्स यू वॉन्ट हर टू गेट आउट!"

म्हणजे सहा महिने मी रोज त्या बाईचं स्वागत करत होते आणि त्याच दमात तिला हाकलत होते.

रेवानं त्यांना अर्थ समजावला तेव्हा बाई अशा हसल्या, की कॉरिडॉरमधली ट्यूबलाइट लुकलुकली असं मला वाटलं. पण सुधारल्या का? छे. त्यानंतर भेटल्या की लांबूनच हात हलवून "बाय, आजी!" हेच त्यांचं 'या, बसा'. आणि रेवा आजी म्हणते म्हणून माझं नावच आजी आहे असं त्यांनी धरलं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बाई भर सुपरमार्केटात मला आजी म्हणून हाक मारायची. लोक आधी त्यांच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि मनात हिशोब करत राहायचे.

सवयी सांगाव्यात तर एकेक नग. सोफ्यावर कधी बसल्या नाहीत, जमिनीवर पाय पसरून बसायच्या आणि आमची बैठकीची खोली निम्मी व्हायची. चहात साखर घालू द्यायच्या नाहीत, माझ्याही नाही. दारासमोरच्या चपला उलट्या करून टाचा बघायच्या आणि घरात कोण कसं चालतं ते सांगायच्या. "तुझा मुलगा आळशासारखा चालतो, आजी." हे मला! एकदा रेवाचे स्पोर्ट्स शूज त्यांनी मला न विचारता कचऱ्याच्या शूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्याच्या कचऱ्यात टाकले. तळ घासला होता म्हणे. दीडशे दिरहमचे बूट, म्हणजे साडेतीन हजार रुपये झाले की हो! मी तावातावानं समोर गेले, तर त्या म्हणाल्या, "घोटा मोडला तर किती दिरहम?"

रेवा तेव्हा तेरा वर्षांची. उंची बापाची, रंग माझा. तिचं म्हणजे असं, की सगळ्या खोलीत आपण कमीत कमी जागा घ्यावी. खांदे पुढे, मान खाली, मिटून ठेवलेल्या छत्रीसारखी. वर्गाच्या फोटोत मागच्या ओळीत गुडघे वाकवून उभी राहायची, म्हणजे डोकं इतरांच्या बरोबरीला येईल. बाईंनी तिला पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाहिलं आणि हनुवटीला बोट लावून मान वर केली. मला विचारलं नाही, तिला विचारलं नाही. "हे इंच कुठून चोरून आणलेत का, लपवतेस ते?" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचची बेल सुरू. सप्टेंबरात शाळेच्या टीमची निवड होती, आणि त्यात ही पोरगी उभी राहणार, असं बाईंनी ठरवूनच टाकलं.

आता खेळायचं कुठे? तर बिल्डिंगमागच्या मातीच्या पार्किंगमध्ये. बाईंनी रिंग करून घ्यायला मला रास अल खोरच्या वर्कशॉपांत नेलं, का तर वेल्डर मराठी आहे. चिपळूणकडचा माणूस. बाईंनी माप लिहून दिलं, आतून अठरा इंच. चार दिवसांनी गेलो, बाईंनी खिशातून टेप काढला. साडेसतरा.

"पुन्हा कर," म्हणाल्या.

वेल्डर माझ्याकडे वळला. "काकी, त्यांना सांगा, जाळी लावली की अर्धा इंच दिसत पण नाय."

मी सांगितलं. बाई त्याला म्हणाल्या, "चेंडूला दिसतो."

"अहो, टोपलीचं कडं ते, विमानाचा पार्ट हाय का?" तो बिचारा घामाघूम. पण बाई तिथे रिकाम्या डब्यावर बसून राहिल्या. तीन तास! उन्हानं पत्रा तापलेला, आणि मी कपाळाला ओला रुमाल लावून त्या दोघांच्या मध्ये दुभाषी. अठरा इंच झाली तेव्हाच उठल्या, आणि जाताना त्याच्या पाठीवर अशी थाप मारली, की तो दोन पावलं पुढे गेला. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन हो, त्यानं म्युनिसिपाल्टीची भीती घातली तर त्यालाच बॉल हातात दिला. त्याचा तिसरा बॉल रिंगमध्ये पडला आणि खलास, त्या दिवसापासून तो तिथे कुणाला गाडी लावू देईना.

त्यांच्या खेळाच्या दिवसांबद्दल त्या स्वतःहून बोलायच्या नाहीत. बाहेर काढावं लागायचं, काट्यानं काटा काढतात तसं. त्यांच्या तरुणपणी तिकडे बायकांच्या पगारी टीम पहिल्यांदाच निघाल्या होत्या. बाई दक्षिणेतल्या कापूस गिरण्यांच्या गावच्या, भावांबरोबर धुळीत खेळून तयार झालेल्या. बर्फाच्या मुलखातल्या एका टीमनं त्यांना घेतलं. त्या टीमनं घेतलेली पहिली ब्लॅक खेळाडू. हे मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. मी लगेच समोर धावले. "बाई, तुम्ही पहिल्या! सांगितलं का नाहीत?"

त्या कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "टूरवर हॉटेलात दोघींना मिळून एक खोली असायची. मला एकटीला अख्खी खोली. बाकीच्या म्हणायच्या, किती लकी गं तू." आणि कांदा चिरत राहिल्या.

मला कळायला वेळ लागला. घरी येऊन भात लावताना कळलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती मात्र हसत हसत. टीमच्या मालकांना वाटलं, की खेळाडू जरा बायकी दिसाव्यात, तिकिटं खपतील. म्हणून सगळ्यांना मेकअप शिकायला पाठवलं. शिकवणाऱ्या मडमेकडे पावडरीचा एकच रंग. तोच बाईंच्या तोंडाला फासला आणि मॅचला उभं केलं. पाच मिनिटांत घाम, आणि चेहऱ्यावर पांढरे ओघळ. प्रेक्षकांत हशा. बाईंनी टॉवेलनं खसाखसा तोंड पुसलं आणि मग, त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला कुणी अडवू शकलं नाही." मीही हसले. पुढे ती टीम बंद पडली, एका सकाळी गेल्या तर दाराला कुलूप. मग इटली, मग फ्रान्स, मग गुडघे गेले, मग दुबई. सगळं चार वाक्यांत सांगून मोकळ्या. पंधरा वर्षांचं आयुष्य चार वाक्यांत! मी असते तर चार दिवस बोलले असते.

बरं, आता माझी गोष्ट सांगते. टाळत होते, पण सांगते.

रेवा उन्हात जायची म्हणून मी तिला रोज आदल्या संध्याकाळी डाळीचं पीठ, हळद आणि दही लावायची. पहाटेही जमलं तर मानेला जरा. मी खाली पाण्याची बाटली घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची, आणि सूर्य समोरच्या बिल्डिंगवर आला, की माझं ठरलेलं वाक्य: "रेवा, बस झालं गं आता, काळी पडशील!"

हे वाक्य मी म्हणते असं मला कधी वाटलंच नाही. तोंडातून येतं. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणत असेल.

ऑगस्टच्या शेवटी, निवडीला दोन आठवडे राहिले होते. मी वाक्य टाकलं. बाईंनी बॉल पकडला, त्यावर पिवळे ठसे उमटले होते. त्यांनी ते बघितले आणि रेवाला विचारलं, "आजी रोज ओरडते ते काय?"

आमच्या मुलांचं मराठी तुम्हाला ठाऊक आहे. शब्दाला शब्द ठेवतात. रेवा म्हणाली, "शी सेज आय विल फॉल ब्लॅक."

"फॉल?" बाई म्हणाल्या. "पडशील? कुठून?"

बाईंनी पिवळं बोट पुढे केलं. "आणि हे?"

"इट्स टू मेक मी फेअर."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावलेल्या बाईशी मला भांडता येतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तर तिथेच जन्मले, आजी. तिथे कुणी पडलेलं नव्हतं." बॉल शर्टाला पुसला, रेवाच्या हातात दिला आणि निघून गेल्या. चार मजले, जिन्यानं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. मी सव्वापाचपासून जागी. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी दार उघडून बघितलं, बेल बिघडली असेल म्हणून. ही पण त्या बाईचीच तऱ्हा बघा, वाजवायची तेव्हा नको इतकी वाजवली आणि हवी तेव्हा बोट लावलं नाही!

मी घरात सगळ्यांना सांगत सुटले, की माझ्या मनात काही नव्हतं. साधं वाक्य. काळजीनं म्हटलं. अनघा म्हणाली, "आई, मी तुम्हाला पहिल्यापासून सांगतेय, ते पीठ बंद करा." मुलगा लॅपटॉपमध्ये शिरला. आणि रेवानं बूट कपाटात वर ठेवून दिले. "आय ॲम नॉट गोइंग फॉर सिलेक्शन."

"अगं, का? बाई रागावल्या माझ्यावर. तू जा."

तेव्हा ती पोरगी वळली. एरवी दोन शब्द बोलायची नाही. म्हणाली, "दे से इट इन स्कूल, आजी. यू से इट ॲट होम. शी वॉज द ओन्ली वन हू डिडन्ट." आणि खोलीत जाऊन पुन्हा ती छत्री मिटून पडली.

त्यानंतर मला बसवेना. थालीपिठं केली, डबा भरला, रेवाचा दंड धरला आणि समोरची बेल वाजवली. आमच्याकडे माफी अशीच मागतात, डब्यातून. तोंडानं सॉरी म्हणायची सवय कुणाला आहे?

बाईंनी दार उघडलं, डबा बघितला. "तो खाली ठेव. बोल."

"माय इंग्लिश..."

"तुझ्या भाषेत बोल. ही सांगेल."

मग मी बोलले. किती बोलले मला आठवत नाही. थांबले तेव्हा रेवा म्हणाली, "शी इज सॉरी."

बाईंच्या भुवया वर. "एवढी आजी बोलली आणि अर्थ तीन शब्दांचा? सगळं सांग. पहिल्यापासून."

मग मी एक वाक्य म्हणायचं आणि रेवानं ते इंग्रजीत करायचं, असं चाललं. मी म्हटलं, मला दाखवायचं होतं तेव्हा आईनं तोंडाला पावडर लावली, आणि हातांनासुद्धा लावली. मी चहा घेऊन गेले. ती पावडर कपबशांवर उतरली, पाहुण्यांच्या बोटांना लागली. त्यांचा निरोप आला, मुलगी नको. आई दुपारभर डाळीचं पीठ चाळत बसली. ते पीठ मी पन्नास वर्षं लावलं. आणि हा बघा माझा हात, बाई, तुमच्याजवळ धरून बघा, काय उजळलंय ते. काही नाही. तरी मी ते पोरीला लावते. का, तर हिला कुणी नको म्हणेल याची मला भीती वाटते.

इथे रेवा थांबली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं, 'ह्यां'नासुद्धा नाही. मग हळूच म्हणाली, "शी इज स्केअर्ड समबडी विल से नो टू मी."

"तिला सांग," बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "माफी मला नको. माझ्याकडे आयुष्यभर पुरतील एवढ्या आहेत, ठेवायला जागा नाही. जिला फासलंस तिला दे."

तर मी माझ्या तेरा वर्षांच्या नातीची, परक्या बाईच्या दारात उभं राहून माफी मागितली. मराठीत. तिला भाषांतर लागलं नाही. तिनं नुसतं माझ्या पदराचं टोक धरलं, लहानपणी धरायची तसं.

बाईंनी डबा उचलला, झाकण उघडून वास घेतला. माफ केलं वगैरे एक अक्षर नाही. "ती पावडर," म्हणाल्या, "कुठल्या रंगाची होती?"

"एकच मिळायची," मी म्हटलं.

"हं," म्हणाल्या आणि दार लावलं. माझ्या तोंडावर! पण पहाटे साडेपाचला बेल वाजली. दोनदा.

टीममध्ये घेतलं का, ते आधीच सांगून टाकते, उगाच ताणत नाही. घेतलं. राखीव म्हणून घेतलं, पुढच्या वर्षी खरं घेतलं. पण मला लक्षात राहिला आहे तो निवडीचा दिवस.

रेवाच्या शाळेचा हॉल दुरुस्तीला होता म्हणून निवड दुसऱ्या शाळेच्या उघड्या मैदानावर. आम्ही शारजाच्या त्या शाळेत दुपारी तीनला पोचलो, ट्रॅफिकमध्ये दीड तास, पुढच्या सीटवर बाई, गुडघे पार हनुवटीला, आणि तोंडानं मुलाचं ड्रायव्हिंग सुधारणं चालू. मैदानाच्या एका कडेला सावलीची जाळी, बाकी सगळं भाजून निघत होतं. दोन फेऱ्या झाल्या. मग निवड करणाऱ्या सरांनी मुलींना सांगितलं, ज्यांना हवं त्यांनी जाळीखाली जा. सगळ्या पळाल्या. आया क्रीमच्या ट्यूब घेऊन धावल्या.

रेवा मैदानाच्या मधोमध उभी. एकटी. आणि ती बाईंकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणते याची वाट बघत होती.

माझं मेलीचं डोकं तापलेलं. मी खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "येऊ नकोस गं! उन्हातच थांब! खुशाल काळी पड!"

सगळ्या आया वळून बघायला लागल्या. बाईंनी माझी साडी खेचली. "काय म्हणालीस?"

दुभाषी मैदानात होती. मीच जुळवलं. "आय से... स्टे इन सन. फॉल ब्लॅक."

बाईंनी दोन्ही तळवे तोंडावर घेतले. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात की काय. मग हात काढले आणि अशा खेकसल्या, की सरही दचकले. "आजी! चाळीस डिग्री आहे! त्या पोरीला आधी सावलीत घे!"

आता तुम्हीच सांगा, या बाईपुढे माणसानं करायचं तरी काय? मी पुन्हा हात तोंडाशी नेले. "अगं, ये गं ये! सावलीत ये!"

तर ती पोरगी, जिचा आवाज आमच्या घरात स्वयंपाकघरापर्यंत पोचायचा नाही, तिनं कमरेवर हात ठेवले, पाठ ताठ केली, होती नव्हती ती सगळी उंची बाहेर काढली, आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजी! मेक अप युअर माइंड!"